तापाने बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यांत का पाहायचे?

पावसाळा उतरणीला लागला की कोल्हापुरातल्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते आणि तापाविषयीचे वादही त्याच सुमारास वर येतात. या वेळचा वाद नेहमीपेक्षा वेगळा आहे. ताप येऊन बेशुद्ध झालेल्या आणि रक्तात मलेरियाचे परजीवी सापडलेल्या रुग्णाच्या डोळ्याचा आतला पडदा नेमाने तपासावा, त्यात दिसलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि त्या नोंदींवर अभ्यास व्हावा, यासाठी सार्वजनिक पैसा आणि सरकारी डॉक्टरांचा वेळ खर्च करावा की नाही, हा तो प्रश्न. एक पक्ष म्हणतो की मलेरिया संपत आला आहे. गटारे वाहती करा, फवारणी करा, गप्पी मासे सोडा आणि असले चोचले परदेशी विद्यापीठांवर सोपवा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की डोळ्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणा, त्यात संगणकाची बुद्धी बसवा, निदान आपोआप बाहेर पडेल. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांचीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे रक्ताच्या तपासणीत मलेरिया निघाला की रुग्ण बेशुद्ध कशाने झाला हे कळलेच. वादाची सगळी मांडणी बिघडते ती या गृहीतकापाशी.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बेशुद्ध तापरुग्णाच्या डोळ्याचा पडदा पाहणे हे रुग्णालयाच्या रोजच्या कामाचा भाग व्हायला हवे आणि त्यावरच्या संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळायला हवा. ही तपासणी चमत्कारिक आहे किंवा तिने मलेरिया बरा होतो, असा माझा दावा नाही. तिची खरी किंमत अशी की रक्ताच्या अहवालावर विसंबून आपण घाईने जो निष्कर्ष काढतो, तो चुकत असेल तर तसे सांगू शकणारी रुग्णाच्या खाटेपाशी करता येणारी दुसरी तपासणी आजमितीला जवळजवळ नाही.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरला की काही तासांत त्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात आणि ती पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसते. मेंदूतल्या केशवाहिन्यांमध्ये अशा हजारो पेशी अडकल्या की रक्ताचा प्रवाह खुंटतो, अस्तर गळू लागते आणि रुग्ण शुद्ध हरपतो. ज्या पेशी अडकल्या आहेत त्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात येत नाहीत. काचपट्टीवर दिसतात ते वाहते राहिलेले परजीवी. मेंदूत किती अडकले आहेत याचा अंदाज काचपट्टीवरून बांधता येत नाही आणि कवटी उघडून पाहता येत नाही. शरीरात एकच जागा अशी आहे, जिथे मेंदूचाच विस्तार असलेली ऊती आणि तिच्या रक्तवाहिन्या काहीही न कापता प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येतात, आणि ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. गर्भावस्थेत हा पडदा मेंदूच्या भागापासूनच तयार होतो आणि रक्तातून काय आत येऊ द्यायचे हे ठरवणारी त्याच्या वाहिन्यांची भिंत मेंदूतल्या भिंतीसारखीच असते. मेंदूच्या मलेरियात या पडद्यावर चार गोष्टी दिसू शकतात. पडद्याचे काही भाग, विशेषतः मध्यबिंदूच्या भोवतालचा भाग, पांढुरके पडतात, कारण तिथे रक्त पोहोचत नाही. काही रक्तवाहिन्या तांबड्या दिसण्याऐवजी नारिंगी किंवा पांढरट दिसतात, कारण त्यांत अडकलेल्या पेशींमधले हिमोग्लोबिन परजीवीने खाऊन टाकलेले असते. मध्यभागी पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव दिसतात आणि काही रुग्णांत डोळ्याच्या मज्जातंतूचे टोक सुजलेले असते. यांपैकी रक्तस्राव आणि सूज इतर आजारांतही आढळतात. पण रक्तवाहिन्यांचा बदललेला रंग आणि पांढुरकेपणाची ती विशिष्ट ठेवण मलेरियाचीच असते.

आश्चर्य असे की हे सगळे पाहण्याचे साधन फार जुने आहे. हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप 1851 साली जगापुढे मांडला, लाव्हेरानने अल्जीरियात मलेरियाचा परजीवी 1880 साली पाहिला, आणि रोनाल्ड रॉसला 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो सापडला. म्हणजे साधन होते, रोग ओळखीचा होता, त्याचे कारणही ठाऊक होते. तरी मलेरियाने बेशुद्ध झालेल्या मुलांच्या पडद्यावरच्या या खास खुणांचे पद्धतशीर वर्णन झाले ते 1990 नंतर, आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये, सुझन लेवॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. इतका काळ का गेला? मलेरियाच्या रुग्णाचा डोळा पाहण्याचे काम कोणाचे, हे ठरलेलेच नव्हते. नेत्रतज्ज्ञाकडे बेशुद्ध रुग्ण जात नाही आणि फिजिशियनच्या हातात ऑफ्थॅल्मोस्कोप क्वचित असतो. आपल्याकडची स्थिती आजही फारशी वेगळी नाही, आणि पैशांच्या आधी चर्चा व्हायला हवी ती या मुद्द्याची.

ब्लँटायरमध्ये पुढे जे झाले ते या वादात सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याचा उल्लेख कोणी करत नाही. टेरी टेलर, माल्कम मॉलिनो आणि त्यांच्या चमूने मेंदूच्या मलेरियाने गेली असे मानल्या गेलेल्या मुलांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. या 31 मुलांमध्ये रोगाच्या व्याख्येतले सगळे काही होते: ताप, गाढ बेशुद्धी, रक्तात परजीवी, आणि शोधूनही दुसरे कारण न सापडणे. त्यांपैकी 24 जणांच्या मेंदूत परजीवींनी भरलेल्या पेशी अडकलेल्या होत्या. उरलेल्या सात मुलांच्या मेंदूत तसे काही नव्हते आणि त्यांच्या मृत्यूची कारणे वेगळीच निघाली. मलेरियाचे तज्ज्ञ, मलेरियासाठीच चालवलेला विभाग, काटेकोर व्याख्या, आणि तरीही जवळजवळ चारात एक निदान चुकीचे. मुले जिवंत असताना या दोन गटांत फरक दाखवणारी खाटेजवळची खूण एकच ठरली, ती म्हणजे डोळ्याच्या पडद्यातले बदल. जिथे निम्म्या निरोगी मुलांच्याही रक्तात परजीवी फिरत असू शकतात, तिथे परजीवी सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे, हे तर्काने आधीही सांगता आले असते. पण नेमक्या कोणत्या रुग्णात नव्हे, हे डोळ्याने सांगितले.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ, कारण त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला मुद्दा आकड्यांचा. सरकारी नोंदींनुसार भारतात 2015 साली मलेरियाचे सुमारे 11 लाख 69 हजार रुग्ण आणि 384 मृत्यू होते; 2023 साली रुग्ण सुमारे 2 लाख 27 हजार आणि मृत्यू 83. महाराष्ट्रातला भार मुख्यतः गडचिरोली आणि मुंबई यांच्यावर आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात मेंदूचा मलेरिया ही रोजची गोष्ट नाही. 2030 पर्यंत देशातून मलेरिया हद्दपार करण्याचे धोरण 2016 सालीच जाहीर झाले आहे. मग कोल्हापूरच्या करदात्याने या डोळ्यांच्या अभ्यासाला पैसे का द्यावेत?

रोग कमी झाला आहे हे मी आनंदाने मान्य करतो; पण रोग दुर्मिळ होतो तेव्हा तो ओळखण्याची सवयही दुर्मिळ होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या तालुक्याच्या डॉक्टरला थंडी वाजून आलेला ताप पाहताच मलेरिया आठवायचा. आजच्या तरुण डॉक्टरला आधी डेंग्यू आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. दुसरे असे की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या ओतकाम कारखान्यांत ओडिशा, झारखंड, बिहार अशा राज्यांतून मजूर येतात. त्यांच्यातला एखादा दीर्घकाळ मलेरियाच्या मुलखात राहिलेला असेल तर अंगात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती असते आणि आजारी न पडताही त्याच्या रक्तात थोडे परजीवी असू शकतात. असा माणूस क्षयरोगाच्या मेंदूज्वराने किंवा डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, आणि कोणीतरी मलेरियाची झटपट चाचणी केली, तर काय होईल? चाचणी दोन रेघा दाखवेल, केसपेपरवर मलेरिया लिहिले जाईल आणि पुढचा शोध तिथेच थांबेल. याउलट, मलेरियाशी कधी संबंध न आलेला आपला कोल्हापुरी माणूस फाल्सिपेरम घेऊन बेशुद्ध झाला असेल तर त्याच्या बाबतीत रक्तातले परजीवी योगायोगाने असण्याची शक्यता फार कमी, हेही इथेच सांगितले पाहिजे. ब्लँटायरचा आकडा उचलून तो जसाच्या तसा कोल्हापूरला लावणे चुकीचे होईल. पण एकाच चाचणीचा अर्थ दोन माणसांत दोन प्रकारचा निघतो, हे मान्य केले तर दुसऱ्या साक्षीची गरज आपोआप मान्य होते.

आणि ज्या आकड्यांच्या जोरावर आपण निर्धास्त झालो आहोत, त्यांचा इतिहास तरी काय आहे? 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या मलेरियाच्या मृत्यूंचा एक अंदाज प्रसिद्ध झाला. घरोघरी जाऊन मृताच्या नातेवाइकांना विचारलेल्या माहितीवरून सत्तर वर्षांच्या आतल्या वयात दरवर्षी सुमारे 2 लाख 5 हजार माणसे मलेरियाने मरतात, असा तो अंदाज होता. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 15 हजारांचा होता. मोठा वाद झाला. संघटनेचा आक्षेप असा की नातेवाइकांनी सांगितलेल्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया आणि इतर ताप वेगळे करता येत नाहीत, आणि तो आक्षेप रास्त होता. मात्र मृत्यूचे कारण लिहिताना आपल्याकडे खात्रीचे साधन नव्हते, म्हणूनच दोन आकड्यांत तेरा-चौदा पटींचे अंतर पडू शकले, हेही तितकेच रास्त नव्हे काय? पूर्व उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या मेंदूज्वराला वर्षानुवर्षे जपानी मेंदूज्वर म्हटले गेले. बारकाईने तपासल्यावर त्यांतली मोठी संख्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची निघाली, ज्यावर स्वस्त प्रतिजैविक उपलब्ध होते. आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला विषाणू 1965 साली तिथल्या तापाच्या रुग्णांत सापडला आणि 2003 साली आंध्र व महाराष्ट्रातल्या मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत पुन्हा उभा राहिला. बेशुद्ध तापरुग्णाच्या आजाराला आपण जे पहिले नाव देतो ते किती वेळा टिकते, याचा हा अनुभव आहे.

दुसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो आणि तो बहुधा डॉक्टरच मांडतात. पडद्यावर खुणा दिसोत वा न दिसोत, रक्तात फाल्सिपेरम असलेल्या बेशुद्ध रुग्णाला आर्टेसुनेटचे इंजेक्शन द्यायचेच असते. मग पाहून उपयोग काय? या आक्षेपातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पडदा स्वच्छ दिसला म्हणून मलेरियाचे औषध रोखणे हा अक्षम्य गुन्हा ठरेल. ज्यांच्या पडद्यावर खुणा नाहीत अशा काही रुग्णांच्या आजारातही मलेरियाचा वाटा असू शकतो. पण उपचार म्हणजे एक इंजेक्शन नव्हे. पडदा स्वच्छ असेल तर पाठीतले पाणी काढून तपासण्याची निकड वाढते, मेंदूज्वराची प्रतिजैविके लवकर सुरू होतात, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस, क्षय, विषबाधा यांचा शोध चालू राहतो. शिवाय डोळ्यात पाहिले की इतरही काही दिसू शकते: अंगभर पसरलेल्या क्षयाच्या गाठी कधी कधी पडद्यामागच्या थरात दिसतात आणि मेंदूवरचा दाब वाढल्याची सूज मज्जातंतूच्या टोकावर दिसते. मलेरियाच्या खुणा ठळक असतील तर रक्तस्रावांच्या संख्येवरून आणि सुजेवरून रुग्ण किती धोक्यात आहे याचाही काही अंदाज येतो. आणि रुग्ण बचावल्यावरही ही माहिती वाया जात नाही: ब्लँटायरमध्ये पडद्यावर खुणा असलेल्या, बरे होऊन घरी गेलेल्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात पुढे अपस्मार किंवा मेंदूशी संबंधित दुसरी तक्रार आढळली. कोणत्या मुलाला पुन्हा पुन्हा बोलावून तपासायचे, हे त्यावरून ठरू शकते.

निदानाने उपचार लगेच बदलत नसेल तर ते निरुपयोगी, हा निकष लावला असता तर वैद्यकशास्त्रातले किती शोध पुढे गेले असते? लेनेकने 1816 साली स्टेथोस्कोप बनवला. छातीत ऐकू येणारे आवाज आणि शवविच्छेदनात दिसणारी फुप्फुसे यांची त्याने वर्षानुवर्षे सांगड घातली. ब्लँटायरच्या चमूने डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांची घातली तशीच. त्या आवाजांनी एकाही क्षयरोग्याचा क्षय बरा झाला नाही, लेनेक स्वतःही 1826 साली क्षयानेच गेला, आणि क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली सापडले. मधल्या सव्वाशे वर्षांत ती नळी कानाला लावणे व्यर्थ होते असे कोणी म्हणेल का? क्षय, न्यूमोनिया, छातीत पाणी हे आजार एकमेकांपासून वेगळे झाल्यावरच प्रत्येकाचा वेगळा उपचार शोधणे शक्य झाले.

मलेरियाच्या बाबतीत या वेगळेपणाची किंमत आपण मोजलेली आहे. मेंदूच्या मलेरियात मेंदू सुजतो असे मानून डॉक्टर अनेक वर्षे स्टिरॉइड देत असत. तर्क सुसंगत होता, औषध हाताशी होते, प्रश्न कोणी विचारला नव्हता. थायलंडमध्ये 1982 साली शंभर रुग्णांवर नीट चाचणी झाली तेव्हा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट बेशुद्धी लांबली. सूज उतरवण्यासाठी मॅनिटॉल देण्याच्या पद्धतीचेही तेच झाले. ओडिशातल्या राऊरकेला इथे भारतीय प्रौढांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मॅनिटॉल मिळालेले रुग्ण शुद्धीवर यायला अधिक वेळ लागला. मग सूज असतेच की नाही? ब्लँटायरमध्ये एमआरआय यंत्र आल्यावर या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 168 मुलांपैकी 25 दगावली आणि त्या 25 पैकी 21 जणांच्या मेंदूला दाखल होतानाच तीव्र सूज होती. वाचलेल्यांमध्ये ती सुमारे चारात एकाला होती. ही 168 मुले निवडली होती ती डोळ्याच्या पडद्यावरच्या खुणा पाहून. ती खूण न वापरता निवडली असती तर त्यांत मलेरिया नसलेली मुलेही शिरली असती आणि चित्र धूसर झाले असते. औषधांच्या चाचण्यांचेही असेच आहे. चाचणीत घेतलेल्या चार रुग्णांपैकी एकाला मुळात तो आजारच नसेल, तर चांगले औषधही निकामी ठरू शकते आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही. ‘पैसे औषधावर खर्च करा, डोळ्यांवर नको’ असे म्हणणाऱ्यांनी नवे औषध कोणत्या रुग्णांवर तपासणार, याचे उत्तर द्यावे.

औषधाचे महत्त्व मी कमी करत नाही. भारतासह चार आशियाई देशांत झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिल्याने तीव्र मलेरियातले मृत्यू 22 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले. असे यश वैद्यकात वारंवार मिळत नाही. पण सर्वोत्तम औषध मिळूनही शंभरात पंधरा जण गेले. ते का गेले, हा प्रश्न औषधाच्या कुपीत पाहून सुटणार नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याच्या मर्यादेचा आहे आणि तो मी जवळजवळ पूर्णपणे मान्य करतो. आतापर्यंतचा भक्कम पुरावा आफ्रिकेतल्या लहान मुलांचा आहे. आपल्याकडे तीव्र मलेरिया प्रौढांनाही होतो आणि प्रौढांत मूत्रपिंडे बंद पडणे, कावीळ, फुप्फुसात पाणी होणे अशा गोष्टी पुढे असतात. बांगलादेश आणि भारतातल्या प्रौढ रुग्णांतही पडद्यावर हे बदल आढळले आहेत. पण ते निदानाला किती भरवशाचे, हे मुलांइतके पक्के झालेले नाही. या मान्यतेचा निष्कर्ष मात्र माझे विरोधक काढतात त्याच्या नेमका उलटा निघतो. पुरावा अपुरा आहे म्हणून अभ्यास नको, हे म्हणणे वर्तुळात फिरते. भारतीय प्रौढांचे पडदे मलावीत बसून तपासता येणार नाहीत.

काही जाणकार चौथी वाट सुचवतात: डोळ्याच्या भानगडीत न पडता रक्तातल्या एचआरपी-2 या परजीवीच्या प्रथिनाचे प्रमाण मोजा, त्यावरून शरीरात अडकलेल्या परजीवींचा अंदाज येतो. सूचना उत्तम आहे आणि कदाचित उद्या तीच व्यवहारात येईल. परंतु हे प्रमाण खऱ्या आणि भासमान मेंदूच्या मलेरियात फरक करते, हे पडताळले कशावर? ब्लँटायरच्या मुलांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच. प्रत्येक नव्या चाचणीला जुनी, विश्वासाची फूटपट्टी लागते आणि या रोगात जिवंत माणसात वापरता येणारी ती फूटपट्टी सध्या डोळा आहे.

आता कॅमेरावाल्यांकडे वळू. त्यांचा उत्साह मला विरोधकांच्या उदासीनतेपेक्षा बरा वाटतो, पण तोही उतावळा आहे. संगणक पडद्याचा फोटो पाहून खुणा शोधायला शिकतो तो माणसांनी आधी तपासून नावे दिलेल्या फोटोंवरून. ते फोटो एका खंडातल्या मुलांचे असतील तर दुसऱ्या खंडातल्या पन्नाशीच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या पडद्यावर तो काय म्हणेल, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मधुमेहाचे रक्तस्राव आपल्याकडे घरोघरी आहेत. शिवाय बेशुद्ध, झटके येणाऱ्या रुग्णाचा डोळा उघडून, बाहुली मोठी करून स्पष्ट फोटो घेणे, हे काम यंत्र विकत घेतल्याने होत नाही. महागडे यंत्र येते, उद्घाटन होते, पहिल्या वर्षी त्यावरचे प्लास्टिक निघते आणि दुसऱ्या वर्षी ते पुन्हा चढते, हा प्रकार महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याला नवा नाही. काही हजार रुपयांचा साधा ऑफ्थॅल्मोस्कोप आणि तो वापरायला शिकलेला हात यांनी सुरुवात व्हावी. साध्या यंत्रातून पडद्याचा मधला भागच नीट दिसतो, कडेचे बदल निसटतात, ही त्याची मर्यादा आहे. तिथे नेत्रविभागातल्या माणसाने डोक्यावर बांधायचे यंत्र घेऊन वॉर्डात यावे.

अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणखी एक आक्षेप घेतात. बेशुद्ध रुग्णाच्या बाहुल्या उजेडाने आकुंचन पावतात की नाही, हे मेंदूवरचा दाब ओळखण्याचे मोठे साधन असते. थेंब घालून बाहुली मोठी केली तर काही तास ते साधन हातचे जाते. आक्षेप व्यवहाराचा आहे आणि उत्तरही व्यवहाराचे आहे: थेंब घालण्याआधी बाहुल्यांची नोंद करावी, लवकर उतरणारे थेंब वापरावेत, वेळ केसपेपरवर ठळक लिहावी, आणि डोक्याला मार लागल्याची शंका असेल किंवा बाहुल्या आधीच बदलत असतील तर तपासणी पुढे ढकलावी.

एक प्रश्न या सगळ्यांहून अवघड आहे. हे ज्ञान कोणाच्या शरीरांवर उभे आहे? मलावीतल्या गरीब आईबापांच्या बेशुद्ध आणि मृत मुलांवर. मोठी नियतकालिके आणि मोठी नावे बहुतेक युरोप-अमेरिकेतली. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही, विशेषतः आपल्याला. सिकंदराबादेत ज्या हुसेन खानाला डास चावून घ्यायला सांगितले, त्याला प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला आणि रॉसला 1902 सालचे नोबेल. पण या विषमतेवर उपाय अभ्यास थांबवण्याचा कसा असेल? मलेरियाने आजही दरवर्षी जगात सुमारे सहा लाख माणसे मरतात, बहुतेक आफ्रिकेत आणि त्यांतही मुख्यतः पाच वर्षांखालची मुले. त्यांच्या आजाराचा अभ्यास न करणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सगळे समजावून घेतलेली संमती, नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक न पडण्याची हमी, आणि जिथे रुग्ण आहेत तिथल्याच डॉक्टरांच्या हाती अभ्यासाची सूत्रे, या अटी मी ठेवीन. त्यांतली शेवटची अट पाळायची तर स्थानिक संशोधनाला स्थानिक पैसा लागतो आणि आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो.

हे आपल्याला झेपणारे नाही असे म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण दूरचे नको. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो आणि पुढे येणारा धोका कोणत्या लक्षणांवरून आधीच ओळखावा, हे त्यांनी टिपले आणि 1982 साली लॅन्सेटमध्ये मांडले. प्राझोसिन या स्वस्त गोळीचा वापर त्या निरीक्षणांमधून रूढ झाला आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हाही कोणी म्हणाले असेलच की विंचू मारा, बूट घाला, लक्षणे कसली लिहिता. आधी लक्षणांची वही भरली, गोळी त्यानंतर आली.

कोल्हापुरात यासाठी नवी इमारत लागत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) यांच्यात मेडिसिन, बालरोग आणि नेत्र हे तिन्ही विभाग एकाच संस्थेत आहेत. मेडिसिन आणि बालरोगाच्या निवासी डॉक्टरांनी नेत्रविभागात काही दिवस केवळ पडदा पाहायला शिकावे. ताप आणि बेशुद्धी घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचा पडदा दाखल झाल्यापासून चोवीस तासांत एकदा पाहिला जावा, मग रक्ताची चाचणी मलेरिया दाखवो वा न दाखवो, कारण तुलनेसाठी मलेरिया नसलेले पडदेही लागतात. रुग्ण कोणत्या राज्यातून, किती दिवसांपूर्वी आला, आधी कोणते औषध घेतले, पडद्यावर चारपैकी काय दिसले, पाठीतले पाणी काढले का, शेवटी निदान काय ठरले, एवढी माहिती एका पानावर मावते. इथे वर्षाकाठी मलेरियाचे रुग्ण थोडेच मिळतील. त्यामुळे गडचिरोली, मुंबई आणि राऊरकेला इथल्या डॉक्टरांनी हाच तक्ता वापरला तरच संख्या अर्थपूर्ण होईल, आणि तो सगळीकडे सारखा असावा हे पाहण्याचे काम राज्याच्या आरोग्य विभागाचे आहे. फवारणीचा, गप्पी माशांचा किंवा आशाताईंच्या मानधनाचा एक रुपयाही त्यासाठी वळवू नये. रुग्णालयांच्या यंत्रखरेदीच्या तरतुदीतून एका मोठ्या कॅमेऱ्याऐवजी वॉर्डावॉर्डांत एकेक साधा ऑफ्थॅल्मोस्कोप आणि थेंबांच्या बाटल्या घेतल्या तरी पहिल्या दोन पावसाळ्यांचे काम भागेल.